विहिरीवरचं वेल्डिंग

दिरानं तिचा वेल्डिंगचा टाका हातोडीच्या एका घावात तोडला, तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती.

कुळव तिच्या घरचाच होता. त्याचा एक लोखंडी पाय तुटला होता आणि तीन आठवडे तो दिराच्या वेल्डिंगच्या दुकानात भिंतीला टेकून उभा होता. "घरचंच आहे, करू की कधीही," असं दीर रोज म्हणायचा. त्या दिवशी तो पट्ट्या आणायला बाहेर गेला आणि तिनं रॉड धरायचा होल्डर हातात घेतला. सहा वर्षं ती त्या दुकानात रोजानं जात होती. दिरानं जोडलेल्या खिडक्यांचे टाके ग्राइंडरनं घासायचे, मग रंग द्यायचा. होल्डरला हात लावायचा नाही, असं तिला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तसं सांगावं लागेल, असंच कुणाला वाटलं नव्हतं.

दीर म्हणजे नवऱ्याचा चुलतभाऊ. गाव त्याला मिस्त्री म्हणायचं. माणूस वाईट नव्हता, फक्त समोर चार माणसं असली की त्याला चेव चढायचा.

"हे कुणी केलं?" मिस्त्रीनं विचारलं.

"मी."

त्यानं हातोडी उचलली आणि कुळवाच्या पायावर हलकेच मारली. पाय निखळून फरशीवर पडला. "वहिनी, टाका असा नसतो. कबुतरानं घाण केल्यासारखं दिसतंय हे."

चौघंही हसले. एकाला ठसका लागला.

तिनं हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले. कुळव खांद्यावर घेतला, तुटका पाय दुसऱ्या हातात.

"असू दे की, उद्या करतो मी," मिस्त्री म्हणाला.

"उद्या मी नाही," ती म्हणाली. दुकानातून घरापर्यंतच्या वाटेत तिनं तीनदा खांदा बदलला.

घरी सासरे ओट्यावर बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. आयुष्यभर त्यांनी जनावरांच्या बाजारात दलाली केली होती. आधी ट्रॅक्टर आले, मग बाजार बसला आणि शेवटी गुडघेही बसले. नवरा टेंपो धूत होता. टेंपो दुसऱ्याचा, पण धुवायचा ह्यानंच.

"मशीन घ्यायचंय," ती म्हणाली.

"कुणाला?" नवऱ्यानं विचारलं.

"मला."

"चालवणार कोण?"

"मीच. तुम्हाला टेंपो येतो तेवढं पुरे."

नवऱ्यानं बादलीतलं उरलेलं पाणी चाकावर टाकलं. "अगं, एक टाका तुटला म्हणून कुणी मशीन घेतं का?"

"तुटला म्हणून नाही. तो म्हणतो तेवढा वाईट होता का, ते मला कळायला पाहिजे. त्याच्या दुकानात ते कधी कळणार नाही."

आबांनी आतापर्यंत मान वर केली नव्हती. आता केली. "नवं की जुनं?"

"नव्याचे पैसे नाहीत. दोन शेळ्या विकून जुनं येईल."

"मग मी येतो. जुनं घ्यायचं तर बघणारा पाहिजे बरोबर."

"आबा, ते मशीन आहे."

"दात नसतील. एवढंच ना?"

रस्त्याकडेला एकाचं वर्कशॉप बंद पडत होतं. मालकाच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती, आणि तो तिच्याशी बोलताना तिच्या नवऱ्याकडं बघायचा. दोन मशीन होती. एक हिरवंगार, नुकतं रंगवलेलं. दुसरं गंजकं, एका चाकाच्या जागी विटेचा तुकडा.

"हे घ्या," मालक हिरव्यावर थाप मारून नवऱ्याला म्हणाला. "ताई नवीन आहेत ना, त्यांना हलकं बरं पडेल."

त्यानं मशीन चालू केलं, एका पट्टीवर चार बोटांचा टाका ओढला आणि बंद केलं. "बघा, लोण्यासारखं चालतं."

"परत लावा," आबा म्हणाले.

"आता दाखवलं की."

"दावणीपासून दारापर्यंत सगळीच चालतात. मैलभर चालवू द्या."

आबा मशीनजवळ पोत्यावर बसले. म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी पंजा मशीनच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटले. मालकानं तिच्याकडं पहिल्यांदाच बघितलं, म्हणजे मदतीसाठी. तिनं पट्ट्यांचा ढीग पुढं सरकवला. मालक एकामागं एक रॉड जाळत राहिला. दहा मिनिटांनी त्याच्या कपाळावर घाम आला, पंधराव्या मिनिटाला आबांनी हात उचलून फुंकर मारली.

"ताप आहे हिला," ते म्हणाले.

विसाव्या मिनिटाला जळक्या वार्निशचा वास सुटला. मालक म्हणाला, नवा रंग आहे, त्याचा वास येतो. "बैलाची शिंगं रंगवून आम्ही पण विकलेत," आबा म्हणाले. "तेव्हा आम्हीसुद्धा हेच सांगायचो."

गंजक्याला आबांना एका बाजूनं उचलताही आलं नाही. ते त्यांना आवडलं. तिनं वायर जोडायच्या जागी खिळ्यानं खरवडलं. आत लाल तांबं दिसलं. तांबं बरं आणि ॲल्युमिनियम वाईट, एवढं सहा वर्षांत कानावरून गेलं होतं. अर्धा तास ते मशीन एकाच सुरात घुमत राहिलं. आबांचा पंजा कोमट झाला, पण त्यांना उचलावा लागला नाही. वरचा दांडा फिरवून करंट कमी-जास्त होतो का, ते तिनं स्वतः पाहिलं. होल्डरचा चिमटा सैल होता, त्यासाठी भाव पाडला. चाकासाठी आणखी पाडला.

"ह्या माणसाला कुठून आणलंत?" मालकानं नोटा खिशात घालताना विचारलं.

"माहेरच्यांनी बघून दिलाय," ती म्हणाली.

आबा टेंपोत मागं बसले. मशीनला दोरी बांधली होती तरी वाटभर एक हात त्याच्यावर होता.

घरी आल्यावर मशीन चालेना.

वायरच्या टोकाला पिन नव्हती, नुसत्या उघड्या तारा होत्या. मालकानं पिन काढून ठेवली असेल, कंजूष मेला, असं म्हणून नवऱ्यानं बाजारातून जाड पिन आणून बसवली. मशीन कण्हल्यासारखं घुमायचं. रॉड लावला की चिकटायचा, ठिणगी नाही. घरातला बल्ब मात्र मंद व्हायचा. दोन दिवस ती रॉड हिसडत होती. शेजारीण दारात येऊन दोनदा विचारून गेली, "झालं का गं चालू?" दुसऱ्यांदा तिच्याबरोबर तिची जाऊपण होती.

आबा जेवले नाहीत. चाळीस वर्षांत त्यांना कुणी खोटं जनावर दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं मशीनच्या मागच्या पत्र्यावरचा गंज रॉकेलच्या फडक्यानं पुसला आणि आकडे वाचले. "हे चारशे पंधरा लिहिलंय."

"किलो?" आबांनी विचारलं.

"व्होल्ट. ह्याला दोन फेज लागतात. घरात एकच आहे."

ती ओट्यावर बसली. दिराच्या दुकानात मशीनची वायर कुठंच पिनेत खोचलेली नव्हती, सरळ भिंतीवरच्या मोठ्या बोर्डात जात होती. सहा वर्षं तिनं त्या वायरखालून झाडलं होतं. वायर उचलायची, झाडायचं, परत खाली ठेवायची.

आबांनी मशीनच्या पाठीवरून पंजा फिरवला. मग स्वतःशीच म्हणाले, "पाय बघितले. पाठ बघितली. ताप बघितला. खातं काय, ते विचारलं नाही." थोड्या वेळानं पुन्हा, "जनावर दहा पावलांवर असताना मी पहिलं ते विचारायचो."

"परत करू या," नवरा म्हणाला.

"परत नाही," ती म्हणाली. "मोटारीला किती फेज असतात?"

"तीन."

"मग विहिरीवर न्या."

विहीर दोन घरांत सामाईक होती, तिच्या आणि मिस्त्रीच्या. आजोबांच्या वेळची वाटणी, एक दिवस ह्यांची पाळी, एक दिवस त्यांची. मोटार एक, बोर्ड एक. त्या साली पाणी इतकं खाली गेलं होतं की सकाळी नऊला वीज आली की दहाला मोटार हवा ओढायला लागायची. मग मोटार बंद. वीज पाचपर्यंत असायची, पण तिचं करायचं काय? तारेवर कावळे बसायचे. त्या विजेवर दुसरं काही चालवावं, हे आजवर कुणालाही सुचलं नव्हतं.

त्यांच्या घरच्या पाळीच्या दिवशी तासभर वांग्यांना पाणी देऊन झालं. नवऱ्यानं मोटारीच्या तारा सोडून मशीनच्या जोडल्या. मोटारीच्या पत्र्याच्या खोलीला टेकवून तिनं कुळव उभा केला, अर्थिंगचा चिमटा लावला, काळी काच तोंडापुढं धरली. रॉड टेकला. उजेड फुटला.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला येत नाही.

सहा वर्षं बघितलेलं सगळं डोळ्यांत होतं, मनगटात काहीच नव्हतं. रॉड चिकटला. हिसडून काढला, परत चिकटला. लांब धरला तर लोखंडाचे मणी कुठंही उडायचे, एक पायताणातून आत गेला. जवळ धरला तर पुन्हा चिकटायचा. करंट वाढवला तर कुळवाच्या पायाला भोक पडलं. सूर्य डोक्यावर आला. साडीवर पोळलेल्या टिपक्यांची नक्षी झाली. दुसऱ्या पाळीला ती नवऱ्याची जुनी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आली. रस्त्यावरून जाणारी माणसं सायकली थांबवून बघायची. एकानं ओरडून विचारलं, "वहिनी, विहीर जोडताय का?"

"तुमचं तोंड आणा, तेही जोडते," ती काचेमागून म्हणाली.

आबा प्रत्येक पाळीला यायचे. उजेडाकडं बघू नका, बघू नका, म्हणून तिनं दहादा सांगितलं. पण आपण पसंत केलेल्या जनावराची चाल न बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिसऱ्या पाळीला तिन्हीसांजेला त्यांच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. डोळे सुजून मिटले, पाणी थांबेना. तिनं ओल्या फडक्याची घडी करून त्यांच्या डोळ्यांवर ठेवली, वाळली की पुन्हा भिजवून.

"दोन दिवसांत उतरेल, आबा. मला पण झालं होतं पहिल्या वर्षी."

"तू नाही बोललीस तेव्हा."

"कुणाला बोलणार? दुसऱ्या दिवशी ग्रिल घासायचे होते."

आबा फडक्याखालून म्हणाले, "सगळीकडं लाथा खाल्ल्या मी जनावरांच्या. डोळ्यात पहिल्यांदाच."

पाचव्या पाळीला कुळवाचा पाय बसला. दिसायला बरा नव्हता, पण नवऱ्यानं त्याच्यावर उभं राहून बघितलं आणि तो हलला नाही. आठवड्यात तीन कामं आली. एका म्हातारीची विळ्याची मूठ, एक पाण्याच्या गाड्याचा आस, एक फाटकाची कडी. तिघंही मिस्त्रीकडं थांबून कंटाळलेले. गाड्याचा आस दोन दिवसांत परत आला, तुटलेला. तिनं जुना टाका पार खरवडून काढला आणि पैसे न घेता पुन्हा जोडला.

पुढच्या पाळीला मिस्त्री विहिरीवर आला. येताना शेजारच्या दोन शेतकऱ्यांना घेऊन आला.

"वहिनी, हे बंद करा."

"का हो भावजी?"

"सामाईक विहीर आहे. मोटार जळाली म्हणजे?"

"मोटार बंद आहे. पाणी संपलं की बंदच असते, तुमच्याही पाळीला."

"पाळी पाण्याची आहे."

"पाळी विहिरीची आहे," ती म्हणाली. "तिच्यातून पाणी घ्यायचं की ठिणग्या, ते आमच्या दिवशी आम्ही ठरवू. तुमच्या दिवशी मी इकडं फिरकते तरी का?"

दोघा शेतकऱ्यांपैकी एक खाली बघून हसला. मिस्त्रीला ते दिसलं आणि त्याचा आवाज चढला. "शेतीच्या लाइनवर धंदा चालत नाही. तक्रार देतो. वायरमन येऊन तार तोडून जाईल, मग बसा वांगी वाळवत."

"मग तुमचंही पाणी जाईल."

"जाऊ दे. मला दुकान आहे."

ते खरं होतं. त्याला दुकान होतं. तिला हे मशीन आणि एक वाफा वांगी होती, आणि लाइन तुटली तर दोन्ही जाणार होतं. मिस्त्री गेल्यावर नवरा म्हणाला, थोडे दिवस थांबवू. आबा मशीनवरची धूळ उपरण्यानं पुसत होते. तिनं रॉड उन्हात वाळत घातले, पापड घालावेत तसे ओळीनं. दमट रॉड नीट चालत नाहीत.

"ऐकतेस का?" नवरा म्हणाला.

"ऐकलं. परवा पाळी आहे आपली."

त्या पाळीला वायरमन आला. मोटारसायकलला आडवी शिडी बांधलेली. त्याच्यामागं स्कूटरवर मिस्त्री.

वायरमननं बोर्ड बघितला, तारा बघितल्या, मग तिच्याकडं. ती एका शेतकऱ्याचं कोळपं जोडत होती. वायरमननं वही काढली.

"काय चाललंय?"

"कोळपं."

"आणि काल?"

"काल भावजींची पाळी होती. त्याआधी कुळव, विळा, आस. सगळं शेतातलं. शेतीची वीज आहे, शेतीला वापरतेय."

"ग्रिल, खिडक्या?"

"त्या भावजी करतात."

वायरमननं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. एक टाका धड येत नाही. कुणाच्या तरी जिवावर बेतेल."

"फाटकाची कडी राहिली साहेब," ती म्हणाली. "शेताचंच फाटक, पण तेही लिहा."

वायरमननं वही मिटली. तार तोडायची तर खांबावर चढायला हवं होतं. तो मोटारसायकलकडं गेला, शिडीच्या दोऱ्या सोडल्या आणि शिडीकडं बघत उभा राहिला. चौथी पायरी एका बाजूनं निखळून लोंबत होती.

"ही महिनाभर अशीच आहे," तो मिस्त्रीला म्हणाला. "तुम्हालाच विचारलं होतं दोनदा."

"आणा की, करू कधीही."

वायरमन शिडी घेऊन तिच्यासमोर आला. "जोडता का?"

"विजेच्या माणसाला लोखंडाची शिडी?"

"बांबूची खात्याची होती, ती मोडली. लाइन बंद करूनच चढतो."

"आणि कुणी चालू केली तर?"

"मग सोन्याची असली तरी सारखंच."

तिनं शिडी आडवी ठेवली. मग हात मागं घेतला. "शिडी शेतीची नाही, साहेब. तुम्हीच उद्या लिहाल."

"शेतातल्या खांबांना लागते," वायरमन म्हणाला. "शेतीचीच."

आबा पोत्यावरून हसले.

आजवर जोडलेल्या कुठल्याही वस्तूवरून माणूस खांबावर चढणार नव्हता. तिनं गंज खरवडला, दांडा फिरवला, रॉड लावला.  टाक्यावरचा जळका पापुद्रा काढून तिनं ब्रश मारला. मिस्त्री वाकून बघत होता. "चढू नका साहेब. सांगून ठेवतो."

वायरमननं शिडी खोलीला टेकवली, पण पाय ठेवला नाही.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. पदर नव्हताच खोचायला, पँटच होती. ती चढली. चौथ्या पायरीवर दोन्ही पाय ठेवले, अंग टाकलं. कट्ट झालं. पायरी एका बाजूनं सुटली, ती घसरत खाली आली आणि नडगी पट्टीला घासून सोलली गेली. रक्त पायताणात उतरलं. नवरा धावला. तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"झालं?" मिस्त्री म्हणाला.

"नाही झालं. खाली आलेय फक्त."

तिनं सुटलेला टाका नीट बघितला. वरून बरा होता, आत लोखंड एकजीवच झालं नव्हतं. करंट कमी पडला होता. भोक पडेल या भीतीनं तिनं तो कमी ठेवला होता. तिनं जुनं सगळं घासून काढलं. दांडा दोन आटे फिरवला. मशीनचा सूर जाड झाला. आबांनी पंजा ठेवला आणि मान हलवली. या वेळी ती घाई न करता, लोखंड वितळून बसतंय हे बघत बघत रॉड ओढत गेली. मागून घाम मानेतून पाठीत उतरत होता, रक्त घोट्यावर वाळत होतं. गार होऊ दिलं. पापुद्रा एका तुकड्यात निघाला.

ती पुन्हा चढली. चौथ्या पायरीवर उभी राहिली. मग उडी मारली. पत्र्याची खोली हादरली, पायरी नाही. दुसरी उडी मारली. तिसरी जरा जास्तच उंच, ती काही तपासायला नव्हती.

"उतरा आता," वायरमन म्हणाला. "मला अजून तीन गावं आहेत."

"तार?" मिस्त्रीनं विचारलं.

"कोळपं जोडणाऱ्या बाईची तार तोडली म्हणून मी काय लिहू?" वायरमननं शिडीला हात घातला.

"थांबा," ती उतरत म्हणाली. "सहाव्या पायरीला तडा दिसतोय. तीही करून देते, उगीच पुन्हा कोपऱ्यात पडायची."

तिनं शिडी पुन्हा आडवी केली. नवा रॉड होल्डरमध्ये बसवला. नवऱ्यानं पाठ फिरवली, आबांनी ह्या वेळी मुकाट्यानं डोळ्यांवर उपरणं घेतलं, वायरमननं खांबाकडं तोंड केलं. मिस्त्री मात्र समोर तसाच, कमरेवर हात ठेवून तिच्या हाताकडं बघत उभा होता.

"भावजी," ती म्हणाली, "तोंड फिरवा."

तो हलला नाही. तिनं काच तोंडापुढं धरली आणि वाट पाहिली. वीज जायला अजून दोन तास होते.

मिस्त्रीनं तोंड फिरवलं. तिनं रॉड टेकला.